आवडीचा प्रकार

आमच्या वाचनालयात सध्या सभासदांच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम सुरू आहे. मागच्या शनिवारी माझी पाळी आली. काउंटरवरच्या मुलीने नाव, पत्ता, मोबाइल नंबर, अनामत रकमेची पावती असं एकेक भरून घेतलं आणि शेवटी विचारलं, "काकू, आवडीचा प्रकार कोणता टाकू?" तिने पडदा माझ्याकडे वळवला. सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, ग्रामीण, रहस्य, विज्ञान, अनुवादित अशी यादी होती. मी म्हटलं, "अगं, सगळेच." ती म्हणाली, "एकच घेतंय हो ते." माझ्या मागे आणखी काही सभासद ताटकळले होते. हातात परत करायची दोन पुस्तकं होती, एक नारायण धारपांची भयकादंबरी आणि एक कन्नडमधून मराठीत आलेली जाडजूड कादंबरी. तिने दोन्ही उलटसुलट करून पाहिली, थोडा विचार केला आणि यादीच्या अगदी तळाशी जाऊन 'इतर' निवडलं. पुढच्या माणसाची नोंद सुरू झाली.

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला रकाना भरायचा होता, तो तिने भरला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बाजारातून मेथीची जुडी घेताना, घरी येऊन ती निवडताना मी मनातल्या मनात एकेक प्रकार स्वतःला लावून पाहत होते. 'सामाजिक' म्हटलं की धारप बाजूला पडायचे, 'रहस्य' म्हटलं की माडगूळकर. आणि हे करता करताच दिसायला लागलं की कुठल्याही प्रकाराचं नाव घेतलं तरी त्याच्या शेजारी एक माणूस येऊन उभं राहतंय. रहस्यकथा म्हटलं की मामा. पौराणिक म्हटलं की आजी. विज्ञान म्हटलं की भाऊ. माझ्या वाचनातला एकही प्रकार मी स्वतः शोधून काढलेला नाही. प्रत्येक कुणीतरी हातात आणून ठेवला होता.

कोकणातल्या आमच्या घरात वाचनालयाची वर्गणी एकच होती. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. घरात वाचणारी माणसं मात्र पुष्कळ. आजी, आई, वडील, मोठा भाऊ, सुट्टीत आला की मामा, आणि मी. त्यामुळे पुस्तक कुणाच्या आवडीचं आणायचं यावर रोज संध्याकाळी वाटाघाटी व्हायच्या. वडिलांना पेशवाई लागायची. आईला घरातल्या माणसांच्या गोष्टी लागायच्या, सासू-सून, विधवा नणंद, शिकायला निघालेली मुलगी असं काहीतरी. आजीला रामायण-महाभारताबाहेरचं फारसं रुचायचं नाही. पुस्तक आणायला बहुतेक वेळा मलाच पाठवत. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर पांढऱ्या शाईने घातलेला नंबर, मागच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद आणि त्यावर वाकडेतिकडे उमटलेले जांभळे शिक्के. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या डिंकाचा मिळून एक वास यायचा. पावसाळ्यात त्यात बुरशीचाही मिसळायचा. पुस्तक घरी आलं की ज्याच्यासाठी आणलं त्याने आधी वाचायचं, मग उरलेल्या दिवसांत बाकीच्यांनी. माझा नंबर शेवटचा. पण पुस्तक घरात आहे आणि मी ते वाचणार नाही, असं कधी झालं नाही. पेशवाई, सासुरवास, कुरुक्षेत्र आणि खून, सगळं एकाच आठवड्यात पोटात जायचं.

खून मामाने आणले. मुंबईत तो एका सर्क्युलेटिंग लायब्ररीतून रोजच्या भाड्याने पुस्तकं घ्यायचा आणि गावी येताना रस्त्यावरच्या रद्दीतली घेऊन यायचा. बाबूराव अर्नाळकरांची ती छोट्या आकाराची पुस्तकं, हजाराच्या वर लिहिली त्यांनी. झुंजार, काळा पहाड. कागद इतका स्वस्त की बोटाला लागून यायचा. काहींची शेवटची पानं फाटलेली असायची आणि खुनी कोण ते कळायचंच नाही. मग रात्री पडवीत अंथरुणावर पडल्या पडल्या मामा, भाऊ आणि मी आपापला खुनी ठरवायचो. मामाचा खुनी नेहमी सगळ्यात सज्जन माणूस असायचा. आईला हे अजिबात पसंत नव्हतं. "असलं वाचून डोकं बिघडतं" म्हणत तिने ती पुस्तकं माळ्यावर टाकली होती. आम्ही ती आंब्याच्या अढीशेजारी बसून वाचली. पिकत आलेल्या हापूसचा वास आणि पिस्तुलातून निघणारा धूर या दोन गोष्टी माझ्या मनात आजही सोबतच येतात.

रहस्यकथेला हलकं म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून पटत नाही. कोण खरं बोलतंय, कोण काय लपवतंय, साध्या वाक्यात काय दडलंय, हे शोधत वाचायची सवय मला त्या कागद सुटलेल्या पुस्तकांनी लावली. पुढे ज्यांना मोठं साहित्य म्हणतात ते वाचताना तीच सवय कामाला आली.

'मृत्युंजय' घरात आलं तेव्हा आजीसाठी आलं होतं. मला ते मिळेपर्यंत आजीने वाचता वाचता त्यावर इतकं भांडून घेतलं होतं की अर्धं मला ऐकूनच माहीत होतं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, शेवटी कृष्ण बोलतो. १९६७ साली आलेल्या त्या कादंबरीची ही रचना आजीला मान्य नव्हती. "दुर्योधनाला कशाला बोलायला द्यायचं?" तिचा मुद्दा साधा होता. ज्याने भर सभेत सुनेची विटंबना केली त्याची बाजू ऐकायची नाही. वडील म्हणायचे, ऐकायला काय जातं. त्या वादात मी कुणाच्या बाजूची आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आजीचा राग मला तेव्हाही खरा वाटला होता आणि आज तर जास्तच वाटतो. पण दुर्योधनाची ती पानं मी श्वास रोखून वाचली होती, हेही तितकंच खरं. ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या मी नंतर पुष्कळ वाचल्या. त्यांतल्या बऱ्याच मला पुढे नेववल्या नाहीत, कारण त्यांत नायकाला एकही दोष ठेवलेला नसतो आणि बाकीची माणसं त्याच्याकडे पाहत उभी असतात. आजी असती तर अशा पुस्तकांवर ती भांडलीच नसती. भांडायला त्यात काही नाहीच.

त्याच माळ्यावर, त्याच अढीशेजारी मी 'चौघीजणी' वाचली. शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या त्या चार अमेरिकन बहिणी. पुस्तकाची सुरुवातच नाताळच्या थंडीत होते, आणि कोकणात मे महिना होता. कौलं तापलेली, पाठीवर घामोळं, खाली आई फणस फोडत बसलेली. बर्फ मी फक्त जत्रेतल्या गोळ्याचा पाहिला होता. तरी स्वतःचा नाताळचा नाश्ता शेजारच्या गरीब घरी नेऊन देणाऱ्या त्या मुलींचे गारठलेले हात मला कळले. ज्योचं लिहिणं, तिचा तापटपणा, बेथचं आजारपण. बेथच्या शेवटच्या पानांना मी खाली आले ती डोळे पुसतच, आणि आईला वाटलं भावाने मारलं. त्याला उगाच बोलणी बसली. तेव्हा मला अनुवाद वगैरे काही माहीत नव्हतं. त्या मुली मराठीच बोलत होत्या, बस्स. शांताबाईंचं ते मोठेपण मला फार उशिरा उमगलं. दूरच्या देशातलं घर त्यांनी जागचं न हलवता आमच्या माळ्यापर्यंत आणलं होतं.

भावाला इंजिनीअर व्हायचं होतं आणि त्याला कादंबऱ्यांतली रडारड सहन व्हायची नाही. त्याने घरात जयंत नारळीकर आणले. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली पहिली आली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाचं वजन पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. कथा कृष्णविवराची होती. ही हकिकत भाऊ इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकाने सांगायचा की जणू तोच परीक्षक होता. मला त्या कथांमधलं विज्ञान सगळं कळलं असं नाही. पण काळ सगळीकडे सारखा धावत नाही, प्रवासाहून परतलेला माणूस मागे राहिलेल्या माणसांपेक्षा तरुण असू शकतो, या कल्पनेने मला रात्रभर जागं ठेवलं होतं. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले त्या दिवशी भावाने परदेशातून फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो आणि त्यांतलं निम्मं बोलणं त्या कथांचं होतं. एरवी आमचे फोन तब्येत आणि जमिनीचे कागद यांपलीकडे जात नाहीत.

नोकरी बँकेत लागली आणि पहिल्या पोस्टिंगला मी नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात राहिले. माझ्या खोलीतली सोबतीण शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या उशाखाली धारप असायचे. वीज गेली की तीन-चार खोल्यांतल्या बायका एका मेणबत्तीभोवती जमायच्या आणि ती वाचायला लागायची. गणिताच्या बाईंचा आवाज एकदम सपाट, कुठेही चढ-उतार नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटायची. धारपांची भीती मला आवडते ती तिच्या पत्त्यामुळे. ती कुठल्या परदेशी किल्ल्यात राहत नाही. ती आपल्याच वाड्यात, आपल्याच जिन्याखाली, आपल्याच नातलगांत असते. घरापासून पहिल्यांदा लांब आलेल्या आम्हा मुलींना खऱ्या भीती पुष्कळ होत्या. उशिरा परतताना मागे येणारी सायकल, वरिष्ठाचं नको इतकं जवळ येऊन बोलणं, गावाकडून येणारी लग्नाची पत्रं. त्यांबद्दल आम्ही आपसात फारसं बोलत नव्हतो. पण धारपांच्या कथेत किंचाळायची मोकळीक होती. वाचन संपल्यावर सगळ्याजणी एकत्रच पाणी प्यायला खाली जायचो. वीज आली की थोडा हिरमोड व्हायचा.

मग बदल्या सुरू झाल्या.

मराठवाड्यात बदली झाली तेव्हा मला तिथलं कुणी ओळखीचं नव्हतं, पण तिथली बोली मी आधी वाचली होती. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा', १९७१ सालची. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून तिच्या घराची होत गेलेली वाताहत. शाखेतल्या पहिल्याच दिवशी काउंटरपलीकडून एका बाईचा आवाज आला आणि मला वाटलं, ही पुस्तकातूनच उठून आली. तिच्या बोलण्याचा हेल, वाक्य संपवण्याची तिची ढब माझ्या कानांना अनोळखी नव्हती. माझी पुणेरी सहकारीण तिला तेच तेच पुन्हा विचारत होती, आणि ती बाई गप्प होत चालली होती. मी उठून तिथे गेले. पैसे काढायची चिठ्ठी भरायला काही विद्वत्ता लागत नाही, पण तिला दोनदा सांगावं लागलं नाही एवढं झालं. बोराड्यांचं माझ्यावर हे ऋण आहे.

तिथल्याच शाखेतल्या शिपाई दादांनी मला 'फकिरा' दिली. १ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीला, ते दरवर्षी अर्धी रजा टाकायचे. मला फक्त पोवाडे आणि लावण्यांचे अण्णाभाऊ माहीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं स्वतःचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुम्ही एवढं वाचता, हे वाचलं नाही?" पुस्तकात पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या होत्या, काही पानांवर तेलाचे डाग होते. ते बरेच हात फिरून आलं होतं. उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा फकिरा मी एका रात्रीत वाचला, आणि वाचताना त्या अधोरेखित ओळींपाशी थांबत गेले. मी कदाचित त्या ओळींवरून पुढे निघून गेले असते. कुठे थांबायचं ते मला त्या पेन्सिलीने दाखवलं. परत देताना दादांनी काय वाटलं विचारलं आणि मी बोलायला लागले, तर चहा गार होईपर्यंत आम्ही बोलत होतो. त्यांनी पुस्तक पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं.

याच टेबलावर माझ्या मनाला एक टोचणी लागली, ती अजून आहे. पीककर्जाच्या दिवसांत शेतकरी समोर येऊन बसायचे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' मी तेव्हा नुकती वाचली होती, २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर. शिकून शेतीतच अडकलेला मुलगा, त्याच्या घरातली ओढाताण, वाट पाहून कंटाळलेली बायको. मी त्या कादंबरीत रडले होते. आणि समोर बसलेल्या खऱ्या माणसाला मला सांगावं लागायचं, की जुनी थकबाकी आहे, नवीन कर्ज बसत नाही. नियम माझा नव्हता आणि मोडायचा अधिकारही नव्हता. पण कागदावरच्या माणसासाठी डोळ्यांत पाणी येतं आणि समोरच्याला फॉर्म परत द्यावा लागतो, या दोन गोष्टी एकाच देहाने करायच्या म्हणजे काय, हे मला नीट सांगता येत नाही. कथा-कादंबऱ्यांनी माणूस दयाळू होतो असं लोक सहज म्हणून जातात. मला इतकं सोपं कधीच वाटलं नाही. मी फक्त इतकं करायचे की फॉर्म परत देण्याआधी घरी कोण कोण असतं, मुलं काय करतात, पाऊस कसा आहे हे विचारायचे. त्याने कर्ज मिळत नव्हतं. काही जण बोलायचे, काही जण उठून जायचे. उठून जाणाऱ्यांचं बरोबर होतं असं मला वाटायचं.

कोल्हापूरला शेजारी एक कन्नड बाई होत्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. मराठी उत्तम बोलायच्या, वाचायच्या मात्र कन्नडच. मी उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेला 'वंशवृक्ष' वाचत होते आणि त्यांच्याकडे भैरप्पांचं मूळ पुस्तक होतं. मग सकाळी दूध घेताना, दुपारी वाळवणाशेजारी बसून आमची चर्चा. उमाताईंना कन्नड लिपी वाचता येत नव्हती. त्यांचे पती विरुपाक्ष मूळ मजकूर वाचून टेप करून ठेवायचे आणि ते ऐकत त्या मराठीत लिहायच्या. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "नवऱ्याने बायकोला एवढं वाचून दाखवलं?" त्यांना पुस्तकापेक्षा ती गोष्ट जास्त भिडली. कात्यायनीवरून मात्र आमचं पटलं नाही. तरुण विधवा, दुसरं लग्न करते, पहिला मुलगा सासऱ्यांकडे राहतो. अक्कांचं म्हणणं, मुलगा सोडून ती गेलीच कशी. माझं म्हणणं, तिला दोन्ही मिळू नयेत असं ठरवलं कुणी. आवाज चढायचे. पापड उलटायचे राहायचे. मग एका दुपारी त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या मोठ्या बहिणीने नाही केलं दुसरं लग्न. मुलासाठी." आणि पुढे त्यांनी बहिणीची सगळी हकिकत सांगितली. इतकी वर्षं त्या कात्यायनीशी भांडत होत्या असं मला वाटलं होतं. त्या बहिणीच्या बाजूने उभ्या होत्या. त्यानंतर मी त्या मुद्द्यावर वाद घातला नाही. माझं मत बदललं नाही, पण ते मत आता मला आधीइतकं हलकं वाटत नाही.

या सगळ्याची किंमतही आहे, आणि ती घरच्यांनी दिली. माझी मुलगी लहान असताना हनुवटी धरून माझं तोंड पुस्तकातून बाहेर वळवायची. नवरा अजूनही काही विचारण्याआधी, "कुठे आहेस?" असं विचारतो. मी सोफ्यावरच असते, पण त्याचा प्रश्न बरोबर असतो. वाचणाऱ्या माणसाच्या घरात एक न सांगितलेलं एकटेपण असतं, ते वाचणाऱ्याला जाणवत नाही, इतरांना जाणवतं. मुलीला वाचनाची ओढ नाही. तिला डोंगर चढायला आवडतं. मला याचं वाईट वाटतं का, असं लोक विचारतात. थोडं वाटतं. पण ती सह्याद्रीतून परत येते आणि जेवायला बसल्यावर तिथली गोष्ट सांगते, कुठल्या घळीत पाणी मिळालं, वाडीतल्या आजींनी कशी भाकरी दिली, तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटते. ती छान सांगते. एखादी गोष्ट कुठे थोपवायची हे तिला कळतं.

फोनवर हल्ली पुस्तकं ऐकता येतात, विकत घेता येतात, आणि एक पुस्तक उघडलं की त्याच्यासारखीच आणखी दहा समोर येतात. सोय मोठी आहे, मी वापरते. पण त्यात एक धोका मला स्पष्ट दिसतो. मी रहस्यकथा उघडली की पुढे रहस्यकथाच येत राहतात. आजीसाठी आणलेलं पुस्तक चुकून माझ्या हाती पडायची वाट तिथे नाही. आमच्या घरात वर्गणी एकाहून जास्त असत्या, तर प्रत्येकाने आपापलं आणलं असतं, आपापलं वाचलं असतं, आणि मला आज त्या यादीतला एक प्रकार बिनदिक्कत सांगता आला असता. सार्वजनिक वाचनालयाचं कपाट मला म्हणूनच प्रिय आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ही मोठी नावं झाली. पण तालुक्या-तालुक्यांत, दोन खोल्यांत, अपुऱ्या अनुदानावर आणि अर्ध्या पगाराच्या ग्रंथपालांवर चालणारी जी वाचनालयं आहेत, त्यांच्या कपाटात धारपांना टेकून खांडेकर उभे असतात. ते कुणा एकाच्या आवडीने लागलेलं नसतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी मागून मागून ते भरलेलं असतं.

आई आता माझ्याकडे असते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने तिला अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी तिला वाचून दाखवते. सुरुवातीला तिच्या आवडीच्या जुन्या कौटुंबिक कादंबऱ्या काढल्या. दोन-तीन झाल्यावर तिने हात वर करून थांबवलं. "अगं, या बायकांचं पुढे काय होतं ते मला माहितीय. माझंच झालंय ते. तो तुझ्या मामाचा कुणी आहे का रे बाबा, काळा पहाड?" मी तिच्याकडे पाहतच राहिले. मग सुरू झाल्या रहस्यकथा. ती डोळे मिटून ऐकते, मध्येच "थांब" म्हणते, मागचं एक वाक्य पुन्हा वाचायला लावते, आणि बऱ्याचदा माझ्या आधी तिला खुनी कळतो. मी कसं ओळखलंस म्हटलं तर म्हणते, "जो सगळ्यांना चहा देत फिरतो ना, त्याला सगळं माहीत असतं." आयुष्यभर घरातल्या माणसांना चहा देत फिरलेल्या बाईचं ते निरीक्षण आहे, आणि ते दर वेळी लागू पडतं असं नाही, पण पुष्कळदा पडतं. तिने माळ्यावर टाकलेली पुस्तकं वाळवीने खाल्ली, त्याची तिला आता खंत वाटते. मला वाटत नाही. ती पुस्तकं खाल्ली गेली म्हणून आम्ही आता नवी शोधतो आहोत, आणि ही रात्रीची वेळ आम्हाला मिळाली आहे. नव्या लेखकांच्या रहस्यकथा तिला जास्त आवडतात. त्यांतल्या बायका हुशार असतात, म्हणते.

आणि गेल्या काही महिन्यांत एक नवीनच प्रकार घरात आला आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई दोन घरांच्या मधल्या वेळात फोनवर 'प्रतिलिपि'वरच्या कथामालिका वाचतात. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, आमच्या ओट्याशी भात शिजेपर्यंत. एका दिवशी त्यांच्या तोंडून सहज निघालं, "वहिनी, त्याने तिला घराबाहेर काढलं बघा शेवटी." मला वाटलं शेजारपाजारचं काही. ती त्यांच्या कथेतली नायिका होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पुढे काय झालं, आणि त्यांनी पोळ्या लाटता लाटता आत्तापर्यंतचे सगळे भाग सांगितले. लिहिणारी बाई त्यांच्यासारखीच कुठेतरी नोकरी-घर सांभाळून रात्री लिहिते म्हणे, आणि खाली शेकडो बायका आपापलं मत देतात. भाषा साधी आहे, काही प्रसंग ताणलेले आहेत, अलंकार फार आहेत. पण सासरी गुदमरलेल्या त्या बाईत काहीतरी खरं आहे, आणि भागाचा शेवट कुठे करायचा हे लिहिणारीला पक्कं कळतं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून अशीच तुकड्यातुकड्याने आली होती. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगायची आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहायचे. त्या काळच्या स्वयंपाकघरांत कुणी कुणाला वाचून दाखवली असेल, कोण पोळ्या लाटता लाटता ऐकत असेल, याचा मी ताईंमुळे पहिल्यांदा विचार केला.

ताईंनी माझ्या फोनवर ते ॲप घालून दिलं आहे. आईलाही मी आता रहस्यकथेच्या आधी त्यातला एक भाग वाचून दाखवते, आणि तिला नायिकेचा दीर पहिल्यापासून संशयास्पद वाटतो. ताईंचं मत एकदम उलट आहे, तो दीरच तिला वाचवणार. पुढचा भाग शुक्रवारी रात्री येतो. ताई तो शनिवारी सकाळी बसमध्येच वाचतात, पण मी आणि आईने वाचेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं आमच्यात ठरलं आहे. या शनिवारी त्या आल्या, पदर खोचला, कणीक मळायला घेतली आणि इतक्या मोठ्याने भांडी आपटायला लागल्या की आईने आतल्या खोलीतून हाक मारली, "अगं, वाच आधी, पोरीला दम निघत नाहीये."